जावयासाठी वारा

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, या एका तत्त्वावर पडदेवाल्यांनी किनाऱ्यासमोरचं दुकान थाटात चालवलं होतं. निळा पडदा संपला असला, तर हिरवा दाखवून "उन्हात निळाच दिसतो बघा" म्हणायचं. चूक एवढीच झाली, की हाच खाक्या त्यांनी जावयापुढे चालवला.

जावयाला काइटसर्फिंगचं वेड. (म्हणजे पायाखाली फळी, डोक्यावर भलामोठा पतंग आणि घरच्यांचा जीव टांगणीला.) परगावी दिलेली लेक कित्येक दिवसांत माहेरी आली नव्हती. अशात शनिवारी जावयाचा फोन आला.

"बाबा, तिकडे वारा कसा आहे?"

समोर झाडाचं पान हलत नव्हतं.

"किती हवाय?" पडदेवाल्यांनी विचारलं.

"पंधरा नॉट तरी वेग हवा."

"वीस आहे!"

"समुद्रावरून की जमिनीवरून?"

"दोन्हीकडून! तुम्ही या तर खरे."

फोन ठेवताच बायको म्हणाली, "अहो, उद्या त्यांना वारा काय ताग्यातून फाडून देणार?"

रविवारी लेक-जावई आले, तेव्हा समुद्र इस्त्री केल्यासारखा सपाट पडलेला. पडदेवाले दारातच घामाघूम.

"आत्ताआत्तापर्यंत होता हो! तुम्ही यायला आणि तो पडायला एकच गाठ."

"बाबा, पुरे," लेक हसली. "वाऱ्याचा अंदाज मोबाइलवर दिसतो. आज वारा नाही, हे कालच ठाऊक होतं."

"मग मला विचारलंत कशाला?"

"गंमत म्हणून," जावई म्हणाला. "शंभर नॉट मागायला हवे होते."

"आणि वारा नाही, तर आलात कशाला?"

"नाही म्हणूनच तर आलो!" लेक म्हणाली. "असता, तर हे दिवसभर पाण्यात आणि मी वाळूत यांच्या चपला राखत बसले असते. आज संध्याकाळपर्यंत आम्ही तुमचेच."

पडदेवाल्यांचा चेहरा खुलला. (थाप उघडी पडूनही फायदा, असा सौदा त्यांना जन्मात जमला नव्हता.) जेवणं झाली, गप्पांना रंग चढला, आणि तेवढ्यात खिडकीचा पडदा हलला. मग चांगला टम्म फुगला. जावयाचे कान टवकारले. पतंग गाडीतच होता.

"बाबा, वारा सुटला वाटतं?"

"छे छे, कसला वारा!" पडदेवाल्यांनी खिडकी लावायला झेप घेतली. "पंखा आहे तो, पंखा!"

बायको पदराने घाम पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, लाइट केव्हाची गेलीय."