खपली गव्हाचा रंग

वडखोलीत लग्नाआधी मुलगी दाखवत नाहीत, आधी तिचा रंग दाखवायला पाठवतात. पत्रिका जुळली की रंग उतरवायचा, धुतलेल्या पंच्यात घडी घालायचा आणि मुलाकडे पोचवायचा. पसंत पडला तर मुलीला बोलावणं येतं.

शर्वरीचा रंग सोमवारी गेला, तो गुरुवार उजाडला तरी परतला नव्हता. रंगाविना माणूस काचेच्या बरणीसारखं दिसतं. दुखत काही नाही, पण उन्हात जायची सोय राहत नाही. शर्वरी शाळेत विज्ञान शिकवायची, मुलींना खो-खो शिकवायची. शुक्रवारी जिल्ह्याचा सामना होता, भर दुपारी. ती घरभर येरझाऱ्या घालत होती.

"बस की गं जरा. उशीर लागतोय म्हणजे विचार चाललाय त्यांचा," आई म्हणाली.

"विचार कसला त्यात? रंगाचे कण पेशीच्या केंद्रकावर छत्री धरतात. जिथं ऊन कडक, तिथं पिढ्यान्‌पिढ्या दाट छत्रीवाले टिकले. एवढंच."

"हे तिकडं बोलू नकोस बाई."

इतक्यात मध्यस्थ दत्तूकाकांचा फोन आला. बायोडाटात 'गव्हाळ' लिहिलं होतं, म्हणून मुलाकडच्यांनी रिवाजाप्रमाणे सुपात गहू घेऊन शेजारी रंग मांडला. जुळेना.

"गहू कुठला घेतला?" वडिलांनी विचारलं.

"लोकवन."

"अहो, आमच्या घरात खपली खातात! तो गहू तांबूस असतो!"

हरकत रास्त ठरली. खपली मागवली, पण शनिवारशिवाय मिळणार नव्हती. शर्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि अंग पारदर्शक असल्यामुळे तो सगळ्यांना दिसलाही. गोधडी गुंडाळून, छत्री उघडून तिनं एसटी गाठली.

"रंग आणायला ना? सावलीच्या बाजूला बसा," कंडक्टर म्हणाला.

मुलाच्या आई, मालतीबाई, पडदे ओढलेल्या खोलीत बसल्या होत्या. गोऱ्यापान. समोर सूप, शेजारी पाटावर शर्वरीचा रंग. कोपऱ्यात आणखी पाच-सहा रंगांच्या घड्या धूळ खात होत्या.

"नापास झालेले. कुणी न्यायलाच येत नाही," मालतीबाई म्हणाल्या. "तू दोन दिवस थांब. खपलीत तुझाच फायदा आहे."

"उद्या सामना आहे. माझा रंग मला द्या."

"मग स्थळ मोडलं समजायचं?"

शर्वरीनं पाटावरच्या रंगाकडं पाहिलं. हे तिसरं स्थळ. वडील आठवडाभर जेवणार नाहीत.

"समजा," ती म्हणाली, आणि बाह्यांपासून रंग चढवू लागली. तो अंगभर चढला तसा तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मालतीबाई टक लावून बघत होत्या.

"उन्हात कसं वाटतं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला बघायला आले तेव्हा थोरल्या बहिणीचा पाठवला होता. लग्नानंतर तोच अंगावर राहिला. उन्हात सोलून निघते मी."

"आणि तुमचा?"

"माहेरी. ट्रंकेत."

"आणि बहीण?"

मालतीबाईंनी पदर सारखा केला.

"ती घरातच असते."

 मग मालतीबाई उठल्या आणि त्यांनी मुलाला हाक मारली.

"निखिल, गाडी काढ. मावशीकडं जायचंय."

"आई, बाहेर ऊन मी म्हणतंय. संध्याकाळी जाऊ."

"आत्ता," मालतीबाई म्हणाल्या, आणि जिना उतरायच्या आधीच बहिणीच्या रंगाच्या बाह्या सोडवू लागल्या.