पालकांनी हात मागे ठेवावेत

शाळेत पोरांना हाताची घडी घालून बसवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. जगदाळेबाईंच्या बालवाडीत ही शिक्षा पालकांना होती. दर शनिवारी सकाळी आठ ते नऊ, एका मुलामागे एक पालक, भिंतीला पाठ लावून मांडी घालायची आणि दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. पोरं मधे बसून माती, खडू, कागद आणि चिंध्यांचा गोंधळ घालणार, तो आपण नुसता बघायचा. कुणाचा हात जरा पुढं आला की बाई ओरडायच्या, "हात मागं." उंचीनं बाई पाच फूटही नव्हत्या, पण तो आवाज पार कऱ्हाडच्या घाटावर धुणं आपटणाऱ्या बायकांना ऐकू जात असणार.

मला त्या बाईचा मनापासून राग होता. आजही थोडा आहे.

मी सरकारी कचेरीत ट्रेसर. साहेबांच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तोच नकाशा शाईनं पुन्हा काढायचा, हे माझं काम. रेघ केसभर हलली तर कागद वाया. त्यामुळं माझ्या सायलीला चित्रकला येणारच अशी माझी खात्री होती. नाही आली तर मी होतोच.

तिचं नाव घालायला गेलो तेव्हा बाईंनी आधी विचारलं, "शनिवारी कोण येणार?"

"आमच्या घरातनं येतील," मी म्हणालो.

"घरातनं नको. तुमी या. आयांचे हात निदान दमलेले तरी असतात. बापांचे लय शिवशिवतात."

बाई मूळच्या मेढ्याकडच्या. एरवी शुद्ध शाळेतलं बोलायच्या, पण रागावल्या की मेढा बाहेर यायचा. आणि त्या कायम रागावलेल्या असल्यामुळं शाळेतलं बोलणं आमच्या वाट्याला फारसं आलं नाही.

माझ्या एका बाजूला कापडवाले शेठ बसत आणि दुसऱ्या बाजूला सुभेदार. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन ऊस करत होते आणि नातवाला घेऊन येत. एका शनिवारी त्या नातवानं ऊस काढला आणि तो निळ्या खडूनं रंगवला. सुभेदारांना राहवलं नाही.

"आवं बाई, ऊस निळा असतुय व्हय? ह्येच शिकवायचं आसंल तर पोरगं रानात बरं हाय की."

"तुमच्या रानातला हिरवा हाय न्हवं? मग तो तुमी काढा. घरी जाऊन."

पंचवीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस, हात मागं घेऊन बसला. तोंड मागं घ्यायचा हुकूम नव्हता, त्यामुळं ते तासभर चालूच राहिलं.

शेठ जास्त हुशार. त्यांचा मुलगा आंब्याला जांभळा खडू लावतोय हे पाहून त्यांनी हात मागंच ठेवले आणि पायाच्या अंगठ्यानं पिवळा खडू हळूच त्याच्यापुढं सरकवला. बाईंची पाठ होती आमच्याकडं. तशाच म्हणाल्या, "शेठ, पायबी मागं."

स्वतः बाईंनी मात्र वर्षभरात फळ्यावर एक रेघ ओढली नाही. पोरगं म्हणालं, "बाई, हत्ती काढून द्या," की उत्तर ठरलेलं. "मला कुठं येतो? तूच काढ की." आम्ही पालक बाहेर पडलो की म्हणायचो, हे मात्र बाई खरं बोलतात, त्यांना काही येतच नाही, म्हणून पोरांवर सोडून दिलंय सगळं. तेव्हा गावात दर जूनमध्ये एक नवीन केजी निघत होती. तिथली पोरं टाय लावून शंभरपर्यंत आकडे लिहीत. आमची सायली वर्षभरानंतर नदीकाठची माती आणि रानातली माती डोळे मिटून ओळखायची, पण स्वतःचं नाव लिहायची बोंब होती. पाहुणे विचारायचे, काय येतं गं तुला? ती आतून मातीचा गोळा घेऊन यायची. पाहुणे माझ्याकडं बघायचे.

दुसऱ्या वर्षी बेंदूर आला. आपल्याकडं बेंदराला मातीचे बैल करून पुजतात. बाईंनी दारावर सूचना लावली, घरून बैल आणू नये, माती शाळेत मिळेल. मी ती वाचली आणि ती इतर पालकांसाठी आहे असं धरून चाललो. तीन संध्याकाळी खपून बैल केला. भरलेलं वशिंड, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, डोळ्यांना काचेचे मणी. सायलीला हात लावायचा होता. मी एकदा लावू दिला, शेपटीला, तोही वाळल्यावर.

बाईंनी बैल उचलला. "हा कुणाचा गं?"

"बाबांचा," सायली म्हणाली. खरं बोलायचं, असं तिला मीच शिकवलं होतं.

बाईंनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता दोन शब्द कौतुकाचे येणार, आणि मी चेहरा त्या तयारीत ठेवला. बाईंनी बेगड आणि मणी काढून घेतले आणि बैल माती भिजवायच्या बादलीत सोडला.

"माती झ्याक हाय. भिजली की पोरांना व्हईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांदेखत वशिंड विरघळलं. सायली रडेल असं वाटलं होतं, पण ती बादलीशी बसून वाट बघत राहिली, आणि त्याच मातीचा तिनं एक बटाट्यासारखा प्राणी केला. त्याला पाच पाय. पाचवा दमल्यावर टेकायला. सुभेदार माझ्या कानाशी म्हणाले, "गड्या, तुजा बैल बाजार न बघताच गेला रं." त्या हॉलमध्ये रडायची पाळी कुणावर आली असेल तर माझ्यावर.

त्या रात्री जेवलो नाही. बायको म्हणाली, मातीचा तर होता. तिच्याशीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाला अर्ज लिहिला. सदर शिक्षिका तापट असून पालकांचा अवमान करतात. मुलांस अक्षरओळख देत नाहीत. त्यांना स्वतःस चित्रकला येत नाही. तरी त्यांना कमी करून बालवाडीचे केजीमध्ये रूपांतर करावे. अक्षर माझं, त्यामुळं अर्ज लग्नपत्रिकेसारखा दिसत होता. पहिली सही माझी, खाली आणखी दहा. शेठनी केली, सुभेदारांनी केली. मंगळवारी अकरा वाजता मंडळाची बैठक होती.

पण मी पाठीमागून वार करणारा नव्हे. अर्ज आधी बाईंच्या तोंडावर वाचायचा आणि मग मंडळाला द्यायचा, असं ठरवून मंगळवारी साडेसहाला दूध आणायला निघालो तो त्यांच्या गल्लीत शिरलो. सायली रोजच्यासारखी स्कूटरवर पुढं उभी.

बाई दारापुढं, पत्र्याखाली उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्यापुढं रांगोळीची गाय होती. एवढी मोठी की पत्र्याखालची सगळी जागा तिनं घेतली होती. मान वळवून ती वासराला चाटत होती. ठिपके नाहीत, खाली खडूची रेघ नाही. बारा वर्षं मी रेघेवर पोट भरतोय, मला कळतं. गायीच्या पाठीची रेघ मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात ओढलेली होती. अशी मला जन्मात जमणार नाही.

बाईंनी आधी सायलीकडं पाहिलं आणि घाईनं गायीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"तिला बघू देऊ नका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मी बोलायचं सगळं विसरलो आणि अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. "अक्षर सुरेख आहे. आणि खरं आहे, तापट आहे मी."

"चित्रकला येत नाही म्हणून लिहिलंय," मी म्हणालो, आणि मला पुन्हा राग आला. "एवढं येतं तुम्हाला आणि पोरांना एक रेघ दाखवत नाही? हे बरं आहे का?"

"नंदाला दाखवली होती," बाई म्हणाल्या. नंदा त्यांची मुलगी. "चार वर्षांची होती. मी रांगोळी काढताना शेजारी बसून काहीबाही काढायची. मी म्हणायची, असं नाही, असं. तिचा हात धरून काढून द्यायची. लोक म्हणायचे, पोरीचा हात काय वळणदार आहे. एक दिवस तिनं वाटी माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, आई, तूच काढ. त्यानंतर तिनं काही काढलंच नाही. आणि मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते, पोरगी शहाणी आहे, पसारा करत नाही."

बाईंनी अर्जाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला.

"आता सांगलीला दिलीय. तिच्या दारात छापाची रांगोळी असते. मी जाणार असले की ती छाप माळ्यावर टाकते. जावईबापूंनीच सांगितलं हसत हसत. अजून भिते मला." बाईंनी घड्याळ पाहिलं. "वर्गातली दोन पोरं ह्याच गल्लीतनं येतात. साडेसातच्या आत मी रोज पुसते."

एवढ्यात सायली कधी उतरली, कधी बाईंच्या मागून गेली, आम्हाला कळलं नाही. ती वाटी घेऊन गायीच्या पोटाशी बसली होती. चिमटीतून नव्हे, मूठमूठ रांगोळी सांडत होती.

"काय गं ते?" बाईंनी विचारलं.

"वासराचे बाबा."

बाबा चांगलेच लठ्ठ होते. त्यांचा एक पाय गायीच्या शेपटीवर पडला होता आणि दुसरा सरळ वासराच्या तोंडाकडं निघाला होता. ते इवलंसं तोंड वाचवायला माझा हात पुढं गेला. पण माझ्या आधी बाईंचा हात गेला होता. तो सायलीच्या मुठीपाशी पोचला, तिथं अडला, वळला आणि त्यानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मला दुखलं. वासराचं तोंड बुजलं तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

साडेसातला बाईंनी त्यांची गाय पुसली, वासरू पुसलं. बाबा तेवढे राहू दिले.

तो अर्ज मी मंडळाला दिला नाही. बाकीच्या दहांनी माझ्या नावानं बोटं मोडली आणि नवा अर्ज केला. मजकूर माझाच, शब्दाला शब्द. शेठनी तो आधीच उतरवून ठेवला होता. मी बैठकीत उभा राहून बोललो, तर मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तुम्हीच तर लिहिलंय हे. दिवाळीनंतर बाईंना कमी केलं आणि केजी झाली. शनिवार बंद झाले. पोरांना आता छापील चित्रं देतात, रेघेच्या आत रंग भरायला, आणि चांगल्या भरलेल्या चित्राला चांदणी मिळते. चांदणी मिळालेली निम्मी चित्रं बापांनी रंगवलेली असतात. मला बघितल्या बघितल्या कळतं.

बाई अजून त्याच घरात आहेत. मी दुधाला जाताना पत्र्याखाली रोज नवीन रांगोळी असते, आणि संध्याकाळी कचेरीतून येतानाही ती तशीच असते, अख्खी. पुसायचं आता काही कारणच उरलेलं नाही.