दिवे लावण्याचा अनुभव: अकरा वर्षे

मराठीच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या संस्थेत कोणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. विद्यापीठाची संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था आहे ती. कृत्रिम बुद्धिमत्ता भरपूर, नैसर्गिक बुद्धिमत्तेच्या नावानं ठणठणाट! मी तिथला कारकून. अकरा वर्षं हंगामी. संध्याकाळी घरी गेलो की बायको दारातच विचारते, "झालात कायम? नाही ना? मग आज काय दिवे लावलेत?"

यंदा वार्षिक समारंभाच्या आधी संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेजारी प्रोग्रामर बाई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या.

"आपण यंत्र केलंय!" संचालक म्हणाले. "वर्षभराचं लिखाण वाचून कोणी काय कर्तृत्व गाजवलं ते आपोआप सांगतं. मराठीत! कुलगुरूंसमोर दाखवायचंय."

"पण त्याला वाचायला मजकूर हवा," बाई म्हणाल्या.

"मजकूर हे देतील," संचालक माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "समारंभ पार पडला की तुमच्या कायम होण्याच्या कागदावर माझी सही!"

ही सही मला याआधी पाच वेळा मिळाली होती. पाचही वेळा तोंडी. तरी आशा वाईट असते. मी कर्तृत्वाचे अहवाल शोधायला बसलो. वर्षभराचा एकच सापडला, तोही गेल्या वर्षीचाच, तारीख बदललेला! मग कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरचं सगळं बोलणं उचलून दिलं. संचालक त्या ग्रुपवर नाहीत, त्यामुळे तिथे सगळे मोकळेपणानं लिहितात. सगळ्यात मोकळा मी. यंत्राला टोमणे कळणार नाहीत, ते बापडं गाळून टाकेल, असा माझा अंदाज होता.

टोमणे त्याला कळले नाहीत, हे खरं. गाळले मात्र नाहीत!

सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत कुलगुरू, मान खाली घालून मोबाइलमध्ये गुंग. पडद्यावर संचालकांचा फोटो झळकला आणि यंत्र खणखणीत आवाजात बोलू लागलं.

"संचालक! यांनी वर्षभर चांगलेच दिवे लावले. बारा वेळा उजेड पाडला. प्रत्येक बैठकीत अकलेचे तारे तोडले."

मागच्या रांगेत हशा फुटला.

"बंद करा ते!" संचालक ओरडले.

"होत नाहीये हो, सर!" बाई रडकुंडीला आल्या.

"परदेशातल्या परिषदेत नाक कापून घेतलं. शस्त्रक्रिया यशस्वी! एकूण, विद्युत, खगोलशास्त्र आणि वैद्यक या तिन्ही क्षेत्रांत भरीव कामगिरी. माहितीचा आधार: कारकून. संदेश एकशे चौऱ्याऐंशी."

अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. मी छताकडे बघत बसलो.

एवढ्यात कुलगुरूंनी मान वर केली. त्यांच्या कानावर नेमकं 'तिन्ही क्षेत्रांत भरीव कामगिरी' एवढंच पडलं होतं.

"तीन क्षेत्रं? वा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. "बोलला नाहीत कधी! कर्मचाऱ्यांच्या फायलीसुद्धा आता यालाच वाचू द्या. कोणाला कायम करायचं, कुठे नेमायचं, सगळं हेच ठरवेल!"

समारंभ संपताच संचालकांनी माझी फाईल मागवली आणि माझ्यादेखत तिच्यावर लाल शाईनं लिहिलं: 'या इसमाने अकरा वर्षे नुसते दिवे लावले.'

"आता बघतोच कसे कायम होता ते!" ते म्हणाले.

झालं! स्वतःच्या जिभेनं मी स्वतःची भाकरी घालवली होती. घरी सांगायचं धाडस आठवडाभर झालं नाही. आणि आठव्या दिवशी आदेश हातात पडला. कायम! खरंच कायम! डोळ्यांत पाणी आलं हो. त्या पाण्यातूनच खालची ओळ वाचली.

'पद: वायरमन. पात्रता: दिवे लावण्याचा अनुभव, अकरा वर्षे.'

मी धावत केबिन गाठली. "सर, मी कारकून आहे! मला साधा फ्यूज बदलता येत नाही!"

"निर्णय यंत्राचा आहे," संचालक गोड हसून म्हणाले. "त्यात मी काय बोलणार? मी पडलो खगोलशास्त्रज्ञ!"

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "झालात कायम?"

"झालो."

तिचा विश्वास बसेना. "उगीच थापा नका मारू! खरं सांगा, आज काय दिवे लावलेत?"

"तळमजल्यावरचे सतरा," मी म्हणालो. "जिन्यातला राहिलाय."