दोन पापडांचे रहिवासी

आमच्या शेजारचे भिकाजीबापू वर्षं मोजत नसत, पापड मोजत. खोंडाचं वय विचारलं की म्हणत, "चार पापड झाले त्याले." जावयाला नोकरी लागून सहा पापड झाले होते आणि मळ्यातल्या विहिरीला पाणी लागून अकरा. मला आधी वाटलं, या माणसाला पापडांचा फारच शौक असणार. पण बापूंच्या तोंडात दात मोजकेच उरले होते आणि पापड ते खातच नसत.

हिशेबामागे त्यांचा विचार मात्र होता. चैत्र कलला की अमडापूरच्या आमच्या गल्लीत पापड सुरू व्हायचे. आज एकीच्या घरचे, उद्या दुसरीच्या. ज्या घरचे पापड असतील तिथे गल्लीतल्या साऱ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या आणि दिवस मावळेपर्यंत लाटायच्या. बापूंचं म्हणणं असं की सरकारचं वर्ष वेगळं, पंचांगाचं वेगळं, शाळेचं आणखी वेगळं. गल्लीचं तेवढं खात्रीचं. "पापड काही कागदावर होत नाही, वैनी. चार लोक डोयानं पाह्यतात." नवं बिऱ्हाड आलं तर त्यातली बाई पापडाला बसेपर्यंत ते घर त्यांच्या लेखी पाहुण्यांचं. ती बसली की घर गावचं.

वाळवणाची राखण बापूंकडे असे. वांगी-मिरचीच्या मळ्यातून परतले की ते खाटेशेजारी काठी घेऊन बसत. कावळ्याला शिवी देत नसत, समजावत. "तुह्या घरचे होतील तवा खाजो बे," असं शांतपणे सांगत. एखाद्या नव्या सुनेचा पापड उचलून उन्हात धरत आणि पलीकडचं काही दिसलं नाही तर तितक्याच शांतपणे म्हणत, "हे भाकर झाली, सुनबाई." सून रडवेली व्हायची. पण पुढच्या साली तिचाच पापड ते गल्लीभर दाखवत हिंडायचे.

त्यांच्या हिशेबात एक खोट आहे, असं मात्र सगळे म्हणत. खोंड पाच वर्षांचा होता, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. बापू चारच सांगत. कुणी टोकलं तर उत्तर ठरलेलं, "खरं ते खरं." म्हातारा आकड्यात कच्चा, म्हणून लोक हसून सोडून देत.

आम्ही मूळचे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचे. माझ्या यजमानांना इथल्या एका अडत दुकानात दिवाणजीची नोकरी मिळाली, तेव्हा गुढीपाडव्याच्या सुमारास आम्ही नांदुऱ्याला रेल्वेतून उतरलो, ट्रंका एस.टी.च्या टपावर चढवल्या आणि अमडापूरला आलो. मुलगी कुसुम वर्षभर आजीपाशीच राहिली, कारण तिची नववी तिथेच व्हावी असं आम्ही ठरवलं होतं. रेशनकार्डही दुसऱ्या वर्षी इकडे आलं. घराचं भाडं तोंडी ठरलेलं. तेव्हा यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

चुकलंय हे कुसुमची अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा झाल्यावर कळलं. तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बुलढाण्याला अर्ज करायचा, तर राज्यात सलग तीन वर्षं राहत असल्याचा दाखला हवा. आमची तीन वर्षं नुकतीच पाडव्याला भरली होती, पण शाळा आणि रेशनकार्ड दोन्ही दोनच वर्षांची साक्ष देत होती. दाखला नाही तर जागा नाही, आणि पुढची भरती वर्षानंतर. कुसुमच्या आजीनं तर स्थळं पाहायलाही सुरुवात केली होती.

बापूंना हा दाखल्याचा प्रकारच पटेना. ते म्हणाले, तुमचं बऱ्हाणपूर आणि आमचं अमडापूर एकाच सरकारात होतं, मग तुम्ही दुसऱ्या राज्यातून आल्या कशा? मी म्हटलं, सरकार बदललं, बापू.

"मी तं इथंच बसून हाव," ते म्हणाले. "सरकारच मले भेटाले येऊन राह्यलं. आधी नागपूरचं आलं, मंग मुंबईचं. म्या एकालेही दाखला नाही मागतला."

तलाठ्यानं मार्ग सांगितला. गल्लीतला एखादा जुना, भरवशाचा माणूस चिखलीला नायब तहसीलदारांपुढे उभा करा, त्याचा जबाब चालेल. भिकाजीबापूंहून भरवशाचा माणूस साऱ्या गावात नव्हता. मी त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. सगळे कागद क्रमानं लावून, वरून दोरा बांधून मी त्यांच्यासोबत चिखलीला गेले. काम एका खेपेत होणार, याबद्दल मला शंका नव्हती.

साहेबांनी विचारलं, हे कुटुंब तुमच्या गल्लीत कधीपासून आहे?

"दोन पापड झाले," बापू म्हणाले.

कारकुनानं टाक खाली ठेवला. बापूंनी त्याला सगळी रीत समजावून सांगितली, अगदी उडदाच्या पिठापासून. साहेब सज्जन होते, ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे दोन वर्षं. मी मध्ये पडले. बापू, तीन म्हणा. तीन पाडव्यांचा हिशेब मी बोटांवर करून दाखवला. बापूंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"खरं ते खरं, वैनी. दोनच झाले."

साहेबांनी कागद परत दिले. आठ दिवसांत दुसरा पुरावा आणा, म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मी बापूंपासून दोन बाकं पुढे जाऊन बसले. घरी येऊन आणखी कोणाकोणाला भेटता येईल याची यादी करायला बसले. अडत्यांचं नाव लिहिलं. पण ते यजमानांपुरतं सांगणार, कुटुंबाचं त्यांना काय माहीत? मग त्या पहिल्या वर्षी आम्हांला कोणी कोणी पाहिलं, ते महिन्यांनुसार आठवू लागले. चैत्रात सामान लावलं. वैशाखात पापड. आणि तिथे माझा हात थांबला. त्या वैशाखात गल्लीत पापड झालेच नव्हते.

त्या वर्षी बापूंची बायको गिरजाबाई अंथरुणाला खिळली होती. गल्लीचे पापड तिच्याच शब्दावर चालायचे; कोणत्या घरी कधी बसायचं, पीठ किती कुटायचं, सगळं ती ठरवायची. ती पडली तशी कोणालाच लाटणं हातात घ्यावंसं वाटलं नाही. ज्येष्ठात ती गेली. पुढच्या वर्षी पापड पुन्हा सुरू झाले आणि बापूंची मोजणी त्या पापडांपासून पुढे चालू झाली. मधलं साल त्यांनी कुठेच धरलं नव्हतं. खोंडाच्या वयातही नाही, आमच्या राहण्यातही नाही.

म्हातारा आकड्यात कच्चा नव्हता. मी यादी मिटली. त्या माणसाकडे जाऊन ते साल मागणं मला शक्य नव्हतं. कुसुमला म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू. ती विहिरीवर पाण्याला गेली, आणि पुढचं वर्ष म्हणजे काय ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं.

घरातलं कोणी हे बाहेर बोललं असेल असं मला वाटत नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी बापू दारात उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. आत यायलाही तयार नव्हते.

"चाला. गाडी येऊन राह्यली."

कचेरीत साहेबांनी त्यांना ओळखलं. कारकून हसू दाबत म्हणाला, का बापू, आणखी एक पापड सापडला का?

"नाही सापडला," बापू म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "साहेब, मांगच्या बारीले एक साल सांगाचं राह्यलं. त्या साली पापड नाही झाले. माही घरवाली गेली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या वैनी तवा नव्याच होत्या. गल्लीत कोणाले वळखत बी नव्हत्या. पण भाताची पेज ह्याच आणून देत. घरवाली दुसऱ्या कोणाच्या हातची घेत नव्हती. म्या पाह्यलं. लिहा, थे साल बी झालं."

ती पेज मी विसरून गेले होते. शेजार म्हणून काही दिवस दिली होती, इतकंच. कारकुनानं मान खाली घालून जबाब लिहून घेतला. बापूंनी आंगठा दिला आणि शाई पटक्याला लागू नये म्हणून हात दूर धरून बाहेर आले.

कुसुम आज शाळेत शिकवते. तिच्या त्या दाखल्यावर माझ्या यजमानांचं नाव आहे, गावाचं आहे, साहेबांची सही आहे. बापूंचं नाव त्यावर नाही. म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी त्यांचे आभार मानायला शब्द जुळवत होते. ते खिडकीबाहेर पाहत होते. चिखली मागे पडल्यावर अचानक म्हणाले, "वैनी, त्या साली पाणी कसं पडलं होतं? मले काहीच याद नाही."

मग मी सांगू लागले. मृगानं हुलकावणी दिली होती. आषाढात एकदा असा पाऊस लागला की कासारांची भिंत बसली आणि त्यांची शेळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन राहिली. बापू हसले. मग विचारलं, "अन् मी? मी काय करून राह्यलो होतो?" मी सांगितलं, तुम्ही दिवसभर मळ्यात असायचात. वांगी फार आली होती. तुम्ही ती बाजारात नेलीच नाहीत, टोपली घेऊन घरोघर वाटत फिरलात.

"वाटली?"

"सगळी."

"बरं केलं," ते म्हणाले. "पुढं सांगा."

अमडापूर आलं. लोक उतरले. बापू जागचे हलेनात, म्हणून कंडक्टरनं हाक मारली.

"थांब ना बापा," बापू म्हणाले. "आमचा आता कुठं श्रावण लागून राह्यला."

कंडक्टर काय समजला कोण जाणे, पण थांबला. आम्ही उतरलो आणि बाजारातून न जाता लांबच्या रस्त्यानं चालू लागलो. गणपती मारुतीच्या पारापाशी झाले, दसरा शाळेजवळ. गल्ली दिसू लागली तेव्हा दिवाळी यायची होती. मी पावलं जरा हळू टाकली.