मशीन गरम झाले आहे

गोदू गेली हे कारखान्यात कळायला दुपारचा एक वाजला. ती गेली होती पहाटे पाचला, झोपेतच. नवऱ्याने, हरेशने, गणेशपुरीपासून पडघ्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. शेजाऱ्यांनी बांबू आणले, मडकं आणलं. पण घरामागच्या गल्लीत ती कामाला जायची त्या कारखान्यात निरोप द्यायचं कुणालाच सुचलं नाही. आणि कारखान्यात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, कारण गोदूचं काम नेहमीसारखं चालू होतं.

त्या दिवशी सकाळी तिला रेशनकार्डाच्या कामाला जायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळीच ती सगळं लावून गेली होती. बरोबर आठला कॉम्प्युटरने पंचिंग मशीनला उठवलं आणि पुठ्ठ्यांना खटखट भोकं पडू लागली. अकरा वाजता पडद्यावर इंग्रजी अक्षरांत रोजची मराठी ओळ आली, 'मशीन गरम झाले आहे. वीस मिनिटे थांबा.' लूमची दुरुस्ती बघणाऱ्या नवशाने रोजच्यासारखा पंखा मशीनकडे वळवला. अकरा वीसला मशीन पुन्हा सुरू झालं. एक वाजता हरेशचा चुलतभाऊ मालकांना, फखरुद्दीन सेठना, बोलवायला आला तेव्हा सेठ त्याच्यावरच चिडले.

"काय बोलतोस? गोदूबाई आत काम करतेय. आवाज येत नाही का तुला?"

या कारखान्यात नॅपकिनच्या काठावर नक्षी विणतात. नक्षी आधी पुठ्ठ्यांवर भोकांनी उतरवतात आणि मग ती पुठ्ठ्यांची माळ लूमवर चढवतात. भोकं पाडणारं मशीन परदेशी, सेकंडहँड आणि हेकट. ते फक्त आपल्याच कंपनीच्या टर्मिनलशी, म्हणजे हुकूम द्यायच्या कीबोर्ड-पडद्याशी, बोलायचं आणि ते टर्मिनल वीस वर्षांपूर्वीच्या पुरात गेलं. तेव्हा सेठच्या भावाने फार पूर्वी कुवेतहून मुलांना खेळायला आणलेला घरगुती कॉम्प्युटर माळ्यावर पडलेला होता. कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर आणि पडदा म्हणून टीव्ही. त्याच्याबरोबर आलेल्या एका फ्लॉपीत असा प्रोग्रॅम होता की तो चालवला की कॉम्प्युटर टर्मिनलचं सोंग घ्यायचा. नक्षी काढणारी दहावी पास गोदू डिक्शनरी घेऊन त्या प्रोग्रॅमचं जाडजूड पुस्तक सहा महिने वाचत बसली. सातव्या महिन्यात मशीन फसलं. समोर आपलंच टर्मिनल आहे असं त्याला आजही वाटतं.

मशीन प्रत्येक नक्षीआधी सतरा प्रश्न विचारायचं. पुठ्ठा लावला का, रुंदी किती, नक्की लावला का. उत्तरं देऊन गोदू कंटाळली. मग तिने त्याच प्रोग्रॅममध्ये ओळी लिहून ठेवल्या. मशीनने हे विचारलं की हे सांग, इतके वाजले की असं कर. पुस्तकात त्याला स्क्रिप्ट म्हटलं होतं. तेव्हापासून मशीनचं आणि कॉम्प्युटरचं आपापसात चालायचं आणि गोदू फक्त पुठ्ठे लावायची.

दहाव्याला कामवारी नदीच्या काठी कावळा शिवेना. हरेशने बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्यायचं कबूल केलं. त्याच्या भावाने कंपाउंडचं भांडण सोडल्याचं जाहीर केलं. एका कावळ्याने थोडं ऐकून घेतलं आणि तो उडून गेला. ऊन चढलं. लांबवर तोंडाला रुमाल धरून उभे असलेले फखरुद्दीन सेठ शेवटी पुढे आले आणि म्हणाले, "गोदूबाई, मी आहे तोपर्यंत तुमचा कॉम्प्युटर जागचा हलणार नाही. नवीन मशीन आणणार नाही. जुबान दिली."

कावळा लगेच उतरला. सेठचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण साठ माणसांसमोर शब्द गेला होता. ज्याने मोबाइलवर नव्या मशीनचे फोटो जमवून ठेवले होते तो त्यांचा मुलगा फरहान नदीकडे बघत राहिला.

तर जुनं मशीन ठेवायचं ठरलं आणि ते सांभाळायला हरेशला बोलावलं. हरेश एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. एकतीस वर्षं भिवंडी-वाडा. त्याला कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर थोडं तरी अंगाला लागलं असेल असं सेठचं म्हणणं पडलं. पुठ्ठे लावायचे आणि एक बटण दाबायचं, एवढंच काम. हरेश आला तोही रिकामं घर नको म्हणून. त्याला बोलायला माणूस लागायचं. बोलणं हे त्याच्या नोकरीचं अंग होतं आणि नोकरी संपली तरी ते अंग राहिलं होतं.

पहिल्या दिवशी अकराला पडद्यावर ओळ आली आणि हरेश मान खाली घालून बसला. त्याला खरी गोष्ट माहीत होती. नोकरीत असतानाही पहाटेची फेरी संपवून तो अकराला घरी असायचा. रोज अकराला गोदू घरी यायची, दोघं चहा प्यायची आणि तो तिला कुठल्या स्टॉपवर कोण कसं भांडलं ते सांगायचा. रोज रोज सुट्टी कशी मिळते, असं त्याने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मशीन काय गरम न्हाय होत. मीच तसं लिवून ठेवलंय. तू कुनाला बोलू नको." तो कुणाला बोलला नव्हता. आयुष्यात न बोललेली त्याची ही एकच गोष्ट.

आणि भेटायला आले तेव्हा सेठ त्याच्या घरात बसून चार जणांसमोर म्हणाले होते, "वीस साल. एक मिनिटाची बेइमानी नाही. अशी बाई होणार नाही." तेव्हा हरेशला मोठा ठसका लागला होता. गोदूच्या मागे तिचं नाव तेवढं राहिलं होतं. ते जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

पण कामाच्या त्या पहिल्याच दिवशी सव्वाचारला मशीन पुन्हा गरम झालं. हरेशने हात लावून पाहिला. मशीन गार होतं. सव्वाचारला गोदू घरी कधीच येत नव्हती. ती सहाला यायची.

त्याने नवशाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "सव्वाचारला गोदू काय करायची रं?"

"म्हंजे? तुमच्याकडंच येत व्हत्या ना."

"हां, येत व्हती," हरेश म्हणाला. "मी आपलं विचारलं."

त्यापुढे त्याचं बोलणं निम्म्यावर आलं. एकतीस वर्षं बिनतिकिटाचे प्रवासी पकडलेला माणूस. पण इथे विचारायला जावं तर अकराची गोष्ट फुटणार, न विचारावं तर झोप लागणार नाही. रोज वीस मिनिटं, वीस वर्षं. कंडक्टरच्या डोक्याने त्याने हिशेब केला आणि आकडा बघून तो घाबरला.

इकडे मोठी ऑर्डर आली. काठावर मोर असलेले नॅपकिन, शनिवारी काल्हेरच्या गोदामातून ट्रक निघणार. फरहानने घड्याळ लावून पाहिलं तर मशीन दिवसाला चाळीस मिनिटं गरम. तो म्हणाला, मशीन विकू शकत नाही ना, मग गार तरी करू. त्याने दुसरा पंखा लावला. मशीन अकराला गरम. त्याने चारी बाजूंनी ओली गोणपाटं लटकवली. मशीन अकराला गरम. मग मासळीबाजारातून बर्फाच्या लाद्या आल्या. हरेशने अडवून पाहिलं. जुनी बस गरम झाली की तिला तिच्या मनाने निवू द्यावं, वाडा लाइनला आम्ही तसंच करायचो, असं त्याने समजावलं. फरहानने ऐकलं नाही.

बर्फाच्या दमटपणाने पुठ्ठे फुगले, भोकं सरकली आणि दुसऱ्या दिवशी लूमवरून मोर उतरले त्यांच्या गळ्याखाली तिसरा पाय होता. नवशाने एक नॅपकिन उलटसुलट करून पाहिला आणि मोर चांगला आहे, फक्त त्याला बसायला सोपं जाईल, असं मत दिलं.

फरहान चिडला आणि त्याने एसी आणला. छोट्या खोलीत सोळा डिग्री. हरेश मफलर, स्वेटर आणि माकडटोपी घालून पुठ्ठे लावू लागला. भिवंडीत मे महिना होता. बाहेर बनियनवर काम करणारे कारागीर दारातून डोकावून त्याला बघून जायचे. अकराला सगळे पडद्यासमोर जमले. पडद्यावर ओळ आली, 'मशीन गरम झाले आहे.' फरहानने थर्मामीटर मशीनला टेकवला. तो पुन्हा टेकवला. मग स्वतःच्या कपाळाला टेकवला. तेवढ्यात एसीच्या भाराने फ्यूज उडाला आणि चोवीस लूम एकदम बंद पडले. वरच्या मजल्यावर सेठचं घर होतं, तिथला मिक्सरही बंद पडला.

आता फरहानने आपल्या बायकोला, रमशाला खाली बोलावलं. ती ठाण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची आणि त्या दिवशी सुट्टीवर होती. वायरमनने खालच्या मजल्याचा फ्यूज घातल्यावर ती कीबोर्डसमोर बसली. इतकं जुनं आणि चालू असलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. पुस्तक उघडून, एकेक बटण शोधून तिने स्क्रिप्ट पडद्यावर आणली. सतरा प्रश्न, सतरा उत्तरं. "किती नीट लिहिलंय," ती म्हणाली. मग तिने ओळी खाली सरकवल्या आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने हरेशकडे पाहिलं. टोपीतून हरेशचे फक्त डोळे दिसत होते.

"काय आहे?" सेठनी विचारलं.

रमशा म्हणाली, "अब्बा, खूप जुनं आहे, नीट वाचता येत नाही."

ती खोटं बोलतेय हे हरेशला कळलं. परक्या घरची पोर गोदूसाठी सासऱ्याशी खोटं बोलत होती. त्याने टोपी काढली.

"सेठ, ती वाचू शकते. मीच सांगतो. मशीन कधीच गरम झालं न्हाय. अकराला ती घरी यायची, माझ्यासंगं चहा प्यायला. मला ठावं होतं. तिचा काय दोष न्हाय, माझा हाय. मला एकट्याला चहा जात न्हाय."

सेठनी मशीनकडे वळवलेल्या पंख्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, "हा पंखा माझ्या बेडरूमचा आहे. दहा साल मी बिनपंख्याचा झोपतो."

"और मैं?" दारातून आवाज आला. सेठची बायको हबीबा मिक्सरचं विचारायला खाली आली होती.

फरहानने विचारलं, "आणि सव्वाचारला? तेव्हाही घरीच?"

इथे हरेशला हो म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "न्हाय. तेव्हा कुटं जायची ते मला ठावं न्हाय." हे बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की नवशाने मान फिरवली.

"कुठे म्हणजे?" हबीबा म्हणाली. "माझ्याकडे, वर. वीस मिनिटं चटईवर पडून राहायची. ना चहा, ना गप्पा. पहिल्यांदा मी विचारलं, गोदू, तबियत ठीक नाही का? तर म्हणाली, भाभी, अकराला आमचे हे बोलतात. सव्वाचारपर्यंत ते माझ्या डोक्यात बोलतच असतात. थोडं गप्प पडू दे, म्हणजे संध्याकाळचं ऐकायला जागा होईल."

नवशा आधी हसला. मग फरहान. सेठनी तोंडावर रुमाल धरला, पण रुमाल हलत होता. हरेश सगळ्यांकडे बघत राहिला आणि मग तोही हसू लागला. हसता हसता त्याने मफलरने डोळे पुसले आणि मफलर लोकरीचा असल्यामुळे ते जास्तच लाल झाले.

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?" सेठनी बायकोला विचारलं.

"पंखा गेला तो गेला," हबीबा म्हणाली. "पण दिवसात वीस मिनिटं माझ्या घरातही कोणी बोलत नव्हतं. ते मला पाहिजे होतं."

सेठनी पंखा सोडवून नवशाच्या हातात दिला आणि वर पाठवला. बेइमानीचं ते पुढे काही बोलले नाहीत. तिच्या नक्षीत कधी तिसरा पाय आला नाही, एवढं मात्र त्यांनी फरहानला ऐकवलं. मोर पुन्हा काढले, ट्रक शनिवारऐवजी सोमवारी गेला.

हरेश अजून कामावर आहे. सव्वाचारला मशीन गरम झालं की तो तिथेच स्टुलावर गप्प बसून बघतो. वीस मिनिटं जमत नाहीत. आजवर सर्वांत जास्त सात मिनिटं जमली, आणि त्यातही शेवटी त्याने नवशाला किती झाली ते विचारलं.

स्क्रिप्टमधून त्या दोन ओळी काढून टाकायला फरहानने त्याला सांगितलं आहे. कुठलं बटण दाबायचं ते रमशाने कागदावर लिहून दिलं आहे. त्याला दोन महिने झाले. ओळी काढायच्या अजून राहिल्या आहेत.