आलूचा आवाज

परदेशातल्या आमच्या कनाटा उपनगराच्या प्लाझात एक जुनं मांसाचं दुकान आहे. शनिवारी सकाळी तिथल्या काउंटरपाशी रामटेके उभे दिसले की जाणकार गिऱ्हाइकं आधी दूध-ब्रेड आणायला निघून जातात. रामटेके बीफचा तुकडा नुसता विकत घेत नाहीत, पसंत करतात. पुण्यात माझे काका हापूसची पेटी घेताना आंबेवाल्याचा जो छळ मांडायचे, तोच हा प्रकार. "नॉट धिस वन. द वन बिहाइंड. टर्न इट, प्लीज." दुकानाचा मालक ग्लेन हा सहा फुटी गृहस्थ निमूटपणे तुकडे फिरवून दाखवतो. एवढं सगळं होऊन रामटेके बहुतेक वेळा पहिलाच तुकडा घेतात.

रामटेके नागपूरचे. आमच्या टेलिकॉम कंपनीत ते हार्डवेअरला, मी टेस्टिंगला. मी रोज त्यांच्या गाडीतून ऑफिसला जायची आणि त्याचं भाडं म्हणून कॉर्न्ड बीफ हॅशचा, म्हणजे खारवलेलं बीफ आणि बटाटे तव्यावर खरपूस करण्याचा, इतिहास ऐकायची. मी कोंबडी-मासळीच्या पुढे न गेलेली बाई, पण त्या पदार्थावर आज परीक्षा देऊ शकेन.

"कॉर्न म्हणजे मका नाही बाप्पा," ते सिग्नलला थांबले की सुरू करायचे. "कॉर्न म्हणजे दाणा. खड्याच्या मिठाचा दाणा. मीठ म्हणजे गरिबाचा फ्रीज." मग जहाजं यायची, खलाशी यायचे, पिंपं यायची, लढाया आणि डबाबंद मांस यायचं. आयर्लंडपाशी मात्र गाडीचा वेग कमी व्हायचा. "तिथल्या लोकांनी दुसऱ्यांच्या जहाजांसाठी मांस खारवलं. आणि त्यांच्या स्वतःच्या ताटात काय? आलू." पुढचं आख्यान पार्किंग लॉटमध्ये.

रविवारी त्यांच्याकडे नाश्त्याला जायचं. ब्रिस्केटचा, म्हणजे छातीच्या मांसाचा, तुकडा आठवडाभर बेसमेंटच्या फ्रीजमध्ये मीठ, मोहरी, मिरी, धणे आणि तेजपानाच्या पाण्यात मुरलेला असायचा. तो मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा, गार करून बारीक चिरायचा, उकडलेले बटाटे आणि कांदा घालून लोखंडी तव्यावर दाबून बसवायचा. लसूण आणि नागपुरी तिखट ही रामटेक्यांची भर. आणि मग काहीच करायचं नाही, हीच खरी कला. कुणी उलथनं उचललं की ते ओरडायचे, "हालवू नोका! धरू द्या!" खालून खमंग खरपुडी धरली की मगच उलटायचं आणि वर अंडं फोडायचं. माझ्यासाठी नुसत्या बटाट्या-कांद्याचं हॅश असायचं, आणि त्याचा तवाही वेगळा. त्या तव्याला त्यांचं उलथनं कधी चुकूनही लागलं नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

तवा चुरचुरायला लागला की ते कॉलिंग कार्ड खरवडून नागपूरला मायला फोन लावायचे. फोन स्पीकरवर, कारण हात कामात.

"काय करून राहिला, बापू?"

"आलू भाजून राहिलो, माय."

मला मोठी गंमत वाटायची. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही हॅशचा इतिहास ऐकवणारा हा गृहस्थ आईशी चक्क खोटं बोलत होता. एकदा मी विचारलंच. त्यांनी गॅस बारीक केला.

"आमच्या गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं काम आमच्या वस्तीचं. खायचं तेही तेच, पडलेलं. उरलेल्याला मीठ लावून दोरीवर वाळवायचं. चान्या म्हणत त्याला. घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा माय नवी सून होती. दोरीवरच्या चान्या तिनं आपल्या हातानं काढून फेकल्या. पुन्हा घरात हे मांस आलं नाही." मग तव्याकडे पाहत म्हणाले, "मी पडलेलं खात नाही ना. मी काउंटरवर उभा राहून घेतो, तो मला विचारतो, विच वन सर. मला हे मायला एकदा खाऊ घालायचं आहे. पण तिला वाटलं, पोरगा परत तिथेच गेला, तर?"

पुढच्या उन्हाळ्यात माय आली. पांढरं लुगडं, पायात मुलानं घेतलेले स्नीकर्स, आणि पाठ अशी ताठ की इमिग्रेशनच्या ऑफिसरनंही अदबीनं वागावं. रामटेके मात्र पार गळाठले. दोन रविवार त्यांनी खरोखरच आलू भाजले. शनिवारी दुकानावरून जाताना नजर दुसरीकडे. शेवटी मीच म्हटलं, "रामटेके, ग्लेन तुमची चौकशी करत होता."

तिसऱ्या शनिवारी "ग्रोसरी आणू" असं म्हणत ते मायला आणि मला घेऊन निघाले आणि थेट ग्लेनसमोर जाऊन उभे राहिले. मायनं काचेआडचे लालभडक तुकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. कशाचे आहेत हे तिला विचारावं लागलं नाही. ग्लेननं सवयीनं हात पुसले आणि तिच्याकडे झुकून विचारलं, "विच वन, मॅडम?"

"काय म्हणते हा?"

"कोणता पाहिजे, म्हणतो. तुला विचारून राहिला, माय."

"मले?" तिनं पदर सारखा केला. काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "मी नाई खात. पण घेतो तर चांगला घे. थो नोको. त्याच्या बाजूचा. फिरव म्हण त्याले."

ग्लेननं फिरवला. मग आणखी एक फिरवला. मायनं लेकापेक्षा जास्त वेळ लावला आणि पहिला तुकडा काही घेतला नाही. मागच्या रांगेकडे मी अशा तोऱ्यात पाहिलं की जणू माझीच आई खरेदीला आली आहे.

तुकडा मिठात मुरला, आठवडा गेला. रविवारी तवा चढला. माय खुर्चीत पाठ फिरवून बसली होती, मी माझ्या वेगळ्या तव्यापाशी. चरबी सुटली, चुरचुर सुरू झाली. आम्हाला कधी उलथनं लावू न देणाऱ्या रामटेक्यांनी आज स्वतःच ते घाईनं तव्यात घातलं.

"हालवू नोको," माय वळूनही न बघता म्हणाली. "धरू दे."

रामटेके जागच्या जागी थांबले.

"फोनवर हेच आलू भाजत होता ना रे तू?"

"माय..."

"आलूचा आवाज असा नसते, बापू. मले पहिल्या दिवशीच समजलं. म्हटलं, सांगन कधी तरी." ती उठून तव्यापाशी आली. "मी फेकलं थे पडलेलं होतं. कोणी विचारून नव्हतं देल्लं."

खरपुडी धरली. रामटेके डोळे पुसत होते आणि कांदा तिखट आहे म्हणत होते. कांदा कधीच शिजून गेला होता. मायनं ताटली पुढे केली.

"वाढ. खालचं वाढ, खरपुडीचं. तुकडा मी पसंत केला हाय."