बबनभाऊंचा चुगलखोर हात

बबनभाऊ शिंकले की त्यांचा उजवा हात कोपरात वाकून वर येतो. शिंकच कशाला, खोकला, ठसका, उचकी, काहीही चालतं. एकदा एका दशक्रियेला पुढाऱ्याचं भाषण लांबलं आणि तो मयताचे सोडून स्वतःचेच गुण गाऊ लागला. सगळ्यांनी हसू गिळलं. भाऊंनीही गिळलं, पण हात टुणकन वर आला. पुढारी म्हणाला, "बोला बबनराव, तुम्हाला काही सांगायचंय?" भाऊंना चार खोटे शब्द बोलावे लागले. घरी येईपर्यंत ते हाताला शिव्या देत होते. "चुगलखोर लेकाचा! मनातलं चार मानसांत सांगतो."

मी निवृत्त शिक्षिका. शांतता मिळेल म्हणून मळवलीला राहायला आले आणि शेजारी बबनभाऊ मिळाले. ते आणि शालनवहिनी, दोघंच. मूलबाळ नाही. दोन बंगल्यांची देखभाल करतात. पहिल्याच दिवशी ते कुंपणापलीकडून हात वर करताना दिसले. मी नमस्कार केला. त्यांनी पुन्हा हात वर केला, मी पुन्हा नमस्कार केला. चौथ्या नमस्काराला वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाई, त्यास्नी खोकला झालाय."

बंगल्यावर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला भाऊ या हाताची कथा सांगतात. पाहुण्याने विचारलं नसलं तरी सांगतात आणि पोहे गार होतात. बारा वर्षांपूर्वी ते आंबीच्या एका कारखान्यात फिटर होते. सकाळी कामावर जाताना मोटारसायकलपुढे कुत्रं आलं. भाऊ उडाले आणि खांद्यावर आपटले. डोकं एकीकडे ओढलं गेलं, खांदा दुसरीकडे.

"मानंतनं नसांची पाच मुळं निघत्यात," असं म्हणत ते डाव्या हाताची पाच बोटं नाचवतात. "खांद्यात त्येंची गुंतावळ व्हती, मग हातात उतरत्यात. माजी पाची उपटली. चिखलातनं रोप उपटावं, तशी."

नस मध्ये तुटली तर जोडता येते, पण मणक्यातूनच उपटली तर ती काही तिथे पुन्हा रुजत नाही. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी बरगड्यांमधल्या तीन नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडल्या. या नसांचं मूळ काम श्वासाचं. "लावनीच केली म्हना की, हितलं रोप तितं!" एवढं बोलून भाऊ सदरा वर करून व्रण दाखवतात आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी उठून बाहेर जातं.

दीड वर्ष काहीच झालं नाही. मग एका सकाळी भाऊंनी मोठा श्वास घेतला आणि मेलेलं कोपर हललं. वहिनी तांदूळ पाखडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. पुढे सराव करून भाऊ मनाने कोपर वाकवायला शिकले, तरी नसा जुनी नोकरी विसरल्या नाहीत. छातीत जरा काही हललं की हात वर. पंज्याला मात्र काहीच लाभलं नाही. त्यात पकड नाही, त्याला स्पर्श कळत नाही. आग तेवढी होते, अष्टौप्रहर. भाऊ त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. मी असते तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

यंदा भाताची लावणी चालू असताना वहिनींचं पोट दुखायला लागलं. तळेगावला तपासण्या झाल्या, मग पुण्याला झाल्या. डॉक्टरांनी भाऊंना एकट्याला आत बोलावलं. त्या दिवशी संध्याकाळी ते कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"बाई, लिवरात गाठ हाय म्हनं. लय पसरलीय. दिवाळी दिसंल का न्हाई, सांगता येत न्हाई म्हनले." एवढं बोलताना त्यांचा हात तीनदा वर आला. "तिला सांगितलंय, सूज हाय, गोळ्यांनी उतरंल. तुमी बी तेच सांगा."

तोंडाने खोटं बोलणं भाऊंना जमलं असतं. पण वहिनींच्या समोर नुसता आवंढा गिळला, एक सुस्कारा सुटला, तरी तो हात सगळं सांगून टाकणार होता. म्हणून दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी तो पंच्याने कमरेशी करकचून बांधला. मुरगळलाय म्हणाले. मला रोज दुपारी बोलावून घ्यायचे आणि वहिनींचं लक्ष गुंतावं म्हणून खोलीत काहीबाही बोलत राहायला सांगायचे. खोटं बोलणाऱ्या मुलांना जन्मभर अंगठे धरून उभं केलं मी. दीड महिना रोज सांगत होते, "आज रंग सुधारलाय हं, वहिनी!" वहिनी हसायच्या. मला घरी येऊन जेवण जायचं नाही.

एके दुपारी मी पेज घेऊन गेले. दार उघडंच होतं. भाऊ पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"आवो, त्यो हात सोडा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, मुरगळलाय. दुकतोय."

"बारा वरसं मी आंगुळ घालतीया त्येला. मुरगळला आन् मला कळलं न्हाई व्हय?"

वहिनींनी स्वतःच गाठ सोडायला घेतली. बोटांत जोर राहिला नव्हता, फार वेळ लागला. मी उंबऱ्यातच थांबले. पंचा सुटल्यावर त्यांनी तो थंड पंजा दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"मला समदं कळलंय. पयल्या दिवशीच कळलं. आता रडून घ्या."

भाऊ रडले. अख्खा पलंग हलत होता. प्रत्येक हुंदक्याला कोपर वाकायचं आणि तो पंजा वहिनींच्या केसांवरून सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. मी पेजेचं भांडं तिथेच ठेवलं. मलाही दिसेनासं झालं होतं.

"अगं, काय करतोय त्यो?" भिंतीकडे बघतच भाऊंनी विचारलं. "मला काय बी कळत न्हाई."

"केसांवरनं फिरतोय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. "थांबू नका."